कार्ड सुभाष रोडला, घंटा माळमड्डीत

प्रिय मिहिर आणि ईरा,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. धारवाडच्या ज्या कॉलेजात मी एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होते, तिथे भुताखेतांची पुस्तकं कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात असत. ती तिथून दुसऱ्या कपाटात हलवावीत असं मला एकदाही वाटलं नाही. कोणाच्या अंगात आलं असं कोणी सांगितलं, तर मी आधी थर्मामीटर लावायला सांगते. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते मला पटलंय म्हणून लिहीत नाही. ते घडलं — निम्मं माझ्यासमोर, निम्मं तुमच्या आजोबांसमोर — म्हणून लिहिते. एका मासिकात वाचकांच्या अनुभवांचं सदर येतं, तिथेही हे पाठवायचं मनात आहे. पण पहिली प्रत तुमची.

साल दोन हजार दोन. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. माळमड्डीतलं आपलं घर तुम्हाला पुसट आठवत असेल, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. समोरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, आणि टेबलावर तुमच्या बाबानं, म्हणजे श्रीकांतनं, टोरांटोहून पाठवलेला त्याचा जुना लॅपटॉप. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. श्रीकांत कामाला तेच वापरायचा, म्हणून आजोबांनीही तेच शिकायचं ठरवलं. वय वर्षं एकाहत्तर.

त्या लॅपटॉपच्या डाव्या बाजूला एक चपटी फट होती, स्लॉट म्हणायचे तिला. मोडेम त्याच्या पोटात नव्हतं. ते एका कार्डावर होतं, पत्त्याच्या पानाएवढं पण जाडसर. कार्ड स्लॉटमध्ये सरकवायचं, त्याला फोनची वायर लावायची, मग नंबर फिरून ई-मेल यायची-जायची. कार्ड आत गेलं की लॅपटॉप दोनदा वाजे. पहिला सूर उंच, म्हणजे कार्ड ओळखलं. दुसराही उंच आला तर कार्ड कामाला लागलं. दुसरा खालचा आला तर... ओळखलं, पण चालवता येत नाही.

आजोबांना हे सूर फार आवडायचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांचं आयुष्य गेलं. तेव्हा एका स्टेशनातून पुढच्या स्टेशनाकडे गाडी सोडायच्या आधी घंटा देत. इथे खटका दाबला की तिथे घंटा वाजे, आणि तिथल्या माणसानं तेवढेच टोले परत द्यायचे, म्हणजे ऐकलं, समजलं. ते नेहमी म्हणत, "अगं, घंटा आपोआप वाजत नसते. पलीकडे कोणी तरी दाबावी लागते." घरात कोणी दारावर दोनदा टकटक केलं तरी ते टेबलावर दोनदा बोट आपटून उत्तर देत आणि मग उठत. पाहुण्यांना गंमत वाटायची.

आता त्या वर्षाची अडचण सांगते. जूनमध्ये आजोबांना पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. डावा हात जड झाला, आणि कधी कधी शब्द सापडायचा नाही. 'चमचा' म्हणायचं असलं की हवेत हात फिरवत राहायचे. श्रीकांत घाबरला. दर रविवारी फोनवर एकच विषय. धारवाडचं घर विकायचं आणि पुण्याला नलूआत्याच्या शेजारी फ्लॅट घ्यायचा. त्याचं चुकत नव्हतं. मलाही रात्री-बेरात्री डॉक्टर कुठे शोधू, ही काळजी होतीच. पण आजोबांना स्टेशनचा आवाज सोडून कुठेही जायचं नव्हतं. एका रविवारी ते फोनवर म्हणाले, "श्री, या लॅपटॉपवर नवं कर्नल चढवतो. एकट्यानं. पुढच्या रविवारपर्यंत त्यावरून तुला मेल आली, तर पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही आली तर घेऊन ये कागद, सही करतो."

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. यंत्राच्या प्रत्येक भागाशी तोच बोलतो. बंगळूरहून येणाऱ्या एका मासिकाबरोबर नव्या कर्नलची सीडी आली होती. मी म्हटलं, "चालू गाडीचं इंजिन कशाला बदलताय?"

"चालू गाडीचंच बदलायचं असतं. बंद गाडीचं कोणीही बदलेल."

सोमवारी आणि मंगळवारी ते काम चाललं. मंगळवारी संध्याकाळी लॅपटॉप नव्या कर्नलवर व्यवस्थित सुरू झाला. आजोबांनी कार्ड आत सरकवलं. पहिला सूर उंच. दुसरा खालचा.

बुधवारभर तेच. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा तो छोटा प्रोग्राम, त्यांनी पुन्हा बसवला. कार्ड काढलं, घातलं. उंच, खालचा. उंच, खालचा. लॅपटॉप आपल्या आत काय घडलं ते वेळेसकट एका फाइलीत लिहून ठेवतो, तिला लॉग म्हणतात. तो मी वाचून दाखवायचे, कारण बारीक अक्षरानं त्यांचे डोळे दुखायचे. दर वेळी शेवटच्या ओळीत मोडेमला मिळालेला आयआरक्यू तीन. आयआरक्यू हा यंत्राला हाक मारायचा क्रमांक समजा. बँकेत टोकन असतं तसा. आणि त्याच्या खाली, अयशस्वी.

रात्री जेवताना ते म्हणाले, "पूर्वी असं काही अडलं की मला दिसायचं, विमल. आता नुसतं... नुसतं..." आणि शब्द सापडला नाही. मी वरण वाढलं.

"श्रीला विचारू या का?" मी म्हटलं.

"त्याला विचारलं की संपलंच."

गुरुवारी मी ठरवलं की निदान कार्ड तरी धड आहे का ते बघू. सुभाष रोडला महांतेशचं दुकान होतं. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. पन्नाशीचा गृहस्थ, कानाला पेन्सिल. आता माझ्या एका सवयीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही मी घरात आवक-जावक वही ठेवत असे. कुठलीही वस्तू घरात आली किंवा बाहेर गेली की क्रमांक, वेळ, वस्तू, कोणाकडून किंवा कोणाकडे, शेरा. शेजारच्या कुलकर्णीवहिनी विचारायच्या, "काय हो, आमची कोथिंबीर पण लिहिता?" लिहायची. त्यांच्याकडची कढई कधी हरवली नाही ती त्यामुळेच.

तर गुरुवार. जावक : दुपारी तीन पस्तीस, मोडेम कार्ड एक, महांतेश यांच्याकडे, तपासणीसाठी. फोनची वायर घरीच, कपाटात. मी रिक्षानं गेले. आजोबा लॅपटॉपपुढे बसून मदतीची पानं वाचत होते.

"कुंद्री अक्का, बसा," महांतेश म्हणाला. त्याच्याकडे कोणा वकिलाचा लॅपटॉप दुरुस्तीला आला होता, त्याला तसाच स्लॉट. त्यानं कार्ड सरकवलं. मी घड्याळ बघितलं, सवयीनं. चार वाजून तीन मिनिटं. कार्ड चाललं. "नोड्री, बघा, कार्डाला काय बी झालं नाही. साहेबांनी काय केलं?"

"नवं कर्नल घातलं."

"कशाला? जुनं काय शिव्या देत होतं?"

कार्ड रुमालात गुंडाळून मी परत आले. आवक : चार पन्नास. चप्पल काढायच्या आत आजोबा म्हणाले, "लागलं बघ. दोन उंच. अगदी स्वच्छ."

"काय लागलं?"

"कार्ड. चारच्या सुमाराला. मी उत्तरही दिलं." आणि त्यांनी टेबलावर दोनदा बोट आपटून दाखवलं.

कार्ड माझ्या हातात होतं. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले... "असेल, असेल," असं बोलले. नातवंडांनो, लहान मुलाला आणि आजारी माणसाला म्हणतात तसं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरला म्हणावं तर तसंही नाही. एखादा दिवा हळूच कमी करावा तसं काही तरी झालं.

"तू माझी समजूत घालते आहेस," ते म्हणाले. "स्लॉट रिकामा आहे हे मला दिसतंय. मी वेडा झालो नाही. ऐकलं ते सांगितलं."

चहा करताना माझ्या मनात एकच होतं. श्रीकांतला आता सांगावंच लागेल. झटक्यानंतर कानात आवाज येतात असं डॉक्टर म्हणाले होते का, तेही आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले.

कप ठेवायला गेले तेव्हा ते म्हणाले, "लॉग वाच."

मी वाचला. त्या दिवशी सकाळच्या आमच्या अपयशी ओळी होत्या. त्यांच्याखाली, दुपारी चार वाजून सात मिनिटांनी, नव्या ओळी. स्लॉटमध्ये कार्ड आलं. कार्डाचं नाव, आमच्याच कार्डाचं. मोडेम सुरू. आयआरक्यू दहा.

तीन नव्हे. दहा.

मी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग स्वयंपाकघरात जाऊन आवक-जावक वही घेऊन आले. कार्ड घराबाहेर : तीन पस्तीस ते चार पन्नास. लॅपटॉपचं घड्याळ माझ्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. ते बरोबर चार मिनिटं पुढे होतं. म्हणजे लॅपटॉपचे चार सात म्हणजे माझे चार तीन.

मी खुर्चीत बसले.

आता सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. माझ्या मनात पहिली शंका आली ती अशी, की यांनीच ओळी टाइप केल्या असतील. लॉग ही साधी फाइल असते, आणि ती बदलायचे अधिकार त्यांच्याकडे होते. रविवार जवळ आला होता. मी बोलले नाही, पण त्यांना कळलं. चौतीस वर्षांचा संसार होता.

"तपासून बघ," ते म्हणाले. "मलाही हवंच आहे. मी तरी कसा विश्वास ठेवू?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघं जितके आनंदात होतो तितके जूननंतर कधी नव्हतो. आम्ही यादी केली. चुकीची कळ दाबली की लॅपटॉप वाजतो, तो आवाज असेल का? मी कळ दाबून बघितली. तो सूर वेगळाच, आणि एकच. खिडकीबाहेर मोबाइल? गल्लीत तेव्हा एकच होता, आणि तो ज्याचा होता ते गृहस्थ रायापूरला कामावर. स्टेशनातून काही? आजोबा म्हणाले, "स्टेशनातला आवाज मला झोपेत ओळखू येतो." शेवटी मी म्हटलं, उद्या पुन्हा. मी कार्ड घेऊन जाईन. किती वाजता घालायचं ते दुकानात गेल्यावर ठरवेन आणि तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही घरी माझं मनगटी घड्याळ घेऊन बसा आणि काही वाजलं तर वहीत वेळ लिहा, शाईनं. दुकानात मी भिंतीवरच्या घड्याळावर वेळ घेईन. ते आधी फोनवरून तुमच्याशी जुळवून घेईन.

शुक्रवारी सकाळी महांतेशला मी सगळं सांगितलं. लपवून प्रयोग होत नाही. तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "साहेब घंटीवालेच ना? सिग्नलचे?"

"हो."

"मग घंटीचं त्यांना विचारायचं. मला कशाला?" पण स्टूल ओढून बसला.

भिंतीवरचं घड्याळ फोनवरून घरच्या घड्याळाशी जुळवलं आणि मग ते बघत मी उगाचच वेळ काढला. बाहेर भाजीवाले ओरडत होते. अकरा एकेचाळीसला म्हटलं, "घाला." त्यानं कार्ड वकिलाच्या लॅपटॉपमध्ये सरकवलं. तिथला नेहमीचा सूर आला. आम्ही थांबलो. मग तीन-चार सेकंदांनी त्याच लॅपटॉपमधून, अगदी हलके, टक... टक.

"हे काय?" मी विचारलं.

महांतेशनं लॅपटॉपला कान लावला. "हार्ड डिस्क असंल," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "असं वाजत नाही खरं."

मी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि निघाले.

घरी वही टेबलावर उघडी होती. आजोबांचं अक्षर : 'अकरा एकेचाळीस. दोन उंच. उत्तर दिले.' लॉगमध्ये चार मिनिटं पुढची वेळ, तेच कार्ड, आयआरक्यू दहा. स्लॉट रिकामा. मी बोट घालून पाहिलं, थोडी धूळ निघाली.

मी त्यांना दुकानातल्या टक-टकचं सांगितलं. मला वाटलं ते चकित होतील. ते फक्त मागे रेलले आणि म्हणाले, "पोचलं म्हणायचं."

मग एकदम सरळ बसले. "विमल, दहा. दर वेळी दहा का?"

"म्हणजे?"

"आपण घालतो तेव्हा तीन मिळतो आणि अडतं. तिकडून वाजतं तेव्हा दहा असतो आणि चालतं. मग आपण त्याला तीन देऊच नये. ती लाइन बंद करायची. दुसरी गाडी उभी असेल तिथे." शब्द एकामागून एक येत होते, एकही अडला नाही.

सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालायची होती, तीन क्रमांक वगळा म्हणून. ती त्यांनी स्वतः टाइप केली, उजव्या हाताच्या एका बोटानं, मी फक्त स्पेलिंग बघितलं. नव्या कर्नलनं तीन क्रमांक आधीच दुसऱ्या एका भागाला दिला होता आणि आमचं कार्ड त्याच्यावर जाऊन आदळत होतं. हे नंतर श्रीकांतनं समजावलं, आणि हा भाग अगदी सरळ आहे. त्यात गूढ काही नाही. गूढ एवढंच की दहा हा आकडा आम्हाला कुठून कळला.

त्यांनी कार्ड आत सरकवलं. उंच. उंच.

आजोबांनी टेबलावर दोनदा बोट आपटलं. मग मीही आपटलं.

मेल शुक्रवारीच गेली. इंग्रजीत, एका ओळीची : नवी लाइन सुरू झाली आहे. खाली सही, अप्पा. रविवारी श्रीकांतचा फोन आला तेव्हा आजोबांनी त्याला तीन क्रमांकाची अडचण सांगितली. तो पुण्याबद्दल काही बोलला नाही. नुसतं म्हणाला, "अप्पा, तीन दिवसांत आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट शोधलात? आमच्या ऑफिसातल्या लोकांना आठवडा लागतो."

"मदत होती," आजोबा म्हणाले.

मी मग श्रीकांतला सगळं सांगितलं. तो तज्ज्ञ आहे, त्याला उत्तर ठाऊक असेल अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, जुनी माहिती मेमरीत राहिली असेल. मी विचारलं, मग दहा कुठून आला, तो जुन्यात नव्हता. तो म्हणाला, स्लॉटचा संपर्क सैल असेल, आपोआप कार्ड आल्यासारखं वाटलं असेल. मी विचारलं, मग कार्डाचं नाव कसं उमटलं, आणि दोन्ही दिवशी मिनिटही कसं जुळलं. "आई, योगायोग असतात," तो म्हणाला. असतात. पण मी दोन योगायोग एका कार्डावर नोंदवत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही तिसऱ्यांदा प्रयोग केला. मी कार्ड घेऊन गेले, महांतेशनं दुसऱ्या एका लॅपटॉपमध्ये घातलं. घरी काहीही वाजलं नाही, लॉग कोरा. आजोबा दोन तास बसून होते. आल्यावर मी विचारलं, "वाईट वाटलं?" ते म्हणाले, "निरोप पोचल्यावर कोण कशाला पुन्हा घंटा देईल?"

त्यानंतर ते चार वर्षं जगले. माळमड्डीत, स्टेशनच्या आवाजात. शब्द अधूनमधून हरवत, पण 'पूर्वी मला दिसायचं' असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत, आणि मी पुन्हा कधी "असेल, असेल" म्हटलं नाही. तो लॅपटॉप आता सुरू होत नाही. कार्ड माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, त्याच रुमालात.

आणि ती वही आहे. गुरुवारी संध्याकाळी लॉग वाचून झाल्यावर आजोबा म्हणाले होते, "आवक झाली आहे ना? मग नोंद कर." मी केली. वेळ चार तीन. वस्तू, दोन टोले. पुढचा रकाना 'कोणाकडून'. तिथे मी पेन टेकवलं आणि उचललं. महांतेशकडून म्हणावं तर त्यानं काही पाठवलं नव्हतं. दुसरं कोणाचं नाव घालावं तर तसा कोणी मला माहीत नव्हता, आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही.

तेवढा एकच रकाना त्या सगळ्या वह्यांमध्ये रिकामा आहे. तुम्ही दोघंही आता कॉम्प्युटर शिकता आहात. यंत्रातलं मला कळत नाही ते तुम्हाला उद्या कळेल. कधी इकडे आलात तर वही खालच्या कप्प्यात आहे, पाठीवर साल घातलंय. तुम्हाला उत्तर सापडलं तर त्या रकान्यात भरा.

पण पेन्सिलनं भरा. मी तपासून बघेन.

तुमची आजी